दिल्लीचं पदक, भाषाभाषांचा सिनेमा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारची सिनेमाकडे पाहण्याची नजर फारशी प्रेमाची नव्हती. करमणूक कराचा बोजा होता, सेन्सॉरची कात्री होती आणि राज्यकर्त्यांपैकी अनेकांच्या मनात बोलपटांविषयी संशय होता. १९५२मध्ये माहिती व नभोवाणी खातं बा. वि. केसकर या मराठी मंत्र्याकडे आलं. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. चित्रपटगीतांना आकाशवाणीवर हक्काची जागा मिळाली ती १९५७मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाल्यावर.

याच केसकरांच्या खात्याने १९५४ साली भारतीय चित्रपटांना सरकारी सन्मान द्यायला सुरुवात केली. त्या वेळी या योजनेचं नाव होतं ‘चित्रपटांसाठीचे राज्य पुरस्कार’. आज आपण ज्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार म्हणतो, ते हेच. एका हाताने गाणी दूर सारणारं सरकार दुसऱ्या हाताने सिनेमाला सुवर्णपदक देत होतं, यामागे एक धोरण होतं. सिनेमा लोकांच्या मनावर राज्य करतो हे सरकारला कळून चुकलं होतं. मग त्यातलं जे चांगलं वाटेल त्याला राष्ट्रपतींच्या हस्ते मान द्यावा आणि निर्मात्यांना त्या वाटेने आणावं, असा तो विचार होता.

या विचाराची पायाभरणी आधीच झाली होती. १९४९मध्ये केंद्र सरकारने चित्रपट चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई काँग्रेसचे नेते स. का. पाटील आणि सदस्यांमध्ये व्ही. शांताराम व कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार यांच्यासारखी धंद्यातली मातब्बर माणसं होती. समितीचा अहवाल १९५१मध्ये आला. युद्धकाळात काळा पैसा घेऊन शिरलेले हौशी भांडवलदार, मोडकळीला आलेले स्टुडिओ आणि अवाच्या सवा मानधन मागणारे नट हे सगळं समितीने पाहिलं होतं. चित्रपटांना कर्ज देणारं महामंडळ, शिक्षण देणारी संस्था आणि जुने चित्रपट जपणारं संग्रहालय हवं, असं तिचं सांगणं होतं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी १९६०मध्ये झाल्या. चित्रपट शिक्षणसंस्था तर पुण्यात, ‘प्रभात’च्या जुन्या स्टुडिओच्या आवारातच उभी राहिली. १९६४मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. पुरस्कार मात्र त्याआधीच सुरू झाले होते. त्यांना इमारत लागत नव्हती, लागत होते ते परीक्षक आणि राष्ट्रपतींचा वेळ.

१० ऑक्टोबर १९५४. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिला समारंभ झाला. १९५३च्या चित्रपटांमधून सर्वोत्कृष्ट कथापटासाठी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं मराठी ‘श्यामची आई’ला. निर्माते, दिग्दर्शक आचार्य प्र. के. अत्रे. अनुबोधपटाचं सुवर्णपदक गेलं फिल्म्स डिव्हिजनच्या ‘महाबलीपुरम’ या पटाकडे. 

ही निवड समजून घ्यायची तर समोर कोण होतं ते पाहावं लागतं. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ त्याच वर्षीचा. मुंबईत २१ मार्च १९५४ रोजी फिल्मफेअरचा पहिला सोहळा मेट्रो थिएटरमध्ये झाला, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक हे दोन्ही मान या चित्रपटाने पटकावले होते. कान महोत्सवातही त्याचा गौरव झाला. दिल्लीत मात्र त्याच्या वाट्याला गुणवत्ता प्रमाणपत्र आलं आणि सुवर्णपदक गेलं कोकणातल्या एका गरीब घरातल्या आईच्या गोष्टीकडे.

त्या गोष्टीची ताकद परीक्षकांना का भावली, हे सांगणं अवघड नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून काढली आणि ती मराठी घराघरांत पोचली. गुरुजी १९५०मध्ये गेले. तीन वर्षांच्या आत अत्र्यांनी त्यांच्या पुस्तकावरचा चित्रपट पडद्यावर आणला. वनमालाबाईंनी आईची भूमिका केली, श्यामची भूमिका माधव वझे या मुलाने आणि संगीत होतं वसंत देसाईंचं. स्वातंत्र्यलढ्यातल्या एका सत्याग्रहीने तुरुंगात लिहिलेली, दारिद्र्यातही सत्य आणि माया न सोडणाऱ्या आईची ही कहाणी होती. नव्या सरकारला सिनेमाकडून जे हवं होतं, ते सारं तिच्यात होतं. पण केवळ बोधासाठी तिला पदक मिळालं, असं म्हणणं अत्र्यांवर अन्याय करणारं ठरेल. पट भाबडा नाही. आईचा राग, वडिलांची हतबलता, सावकाराच्या माणसासमोर घराची होणारी अप्रतिष्ठा हे सगळं त्यात आहे आणि म्हणूनच तो आजही पाहवतो.

पुढच्याच वर्षी योजनेत एक महत्त्वाची भर पडली. प्रत्येक भाषेतल्या उत्तम चित्रपटासाठी राष्ट्रपतींचं रौप्यपदक आणि प्रमाणपत्रं सुरू झाली. अखिल भारतीय सुवर्णपदक सोहराब मोदींच्या ‘मिर्झा गालिब’ला मिळालं आणि मराठीतलं रौप्यपदक पुन्हा अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ला. बाबूराव पेंढारकरांनी जोतीराव आणि सुलोचनाबाईंनी सावित्रीबाई साकारलेला हा चित्रपट. त्याच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः आले होते. दोन वर्षांत दोनदा राष्ट्रपतींचं पदक घेणारे अत्रे लवकरच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले, १९५६च्या नोव्हेंबरात त्यांनी दैनिक ‘मराठा’ काढला आणि चित्रपट समितीचे अध्यक्ष राहिलेल्या स. का. पाटलांवर त्यातून तोफा डागल्या.

भाषावार पदकांचा हा निर्णय वरवर प्रशासकीय वाटतो, पण तो तेवढाच नव्हता. राज्यांची भाषावार पुनर्रचना अजून व्हायची होती, भाषांवरून आंदोलनं पेटत होती. अशा वेळी मल्याळम ‘नीलक्कुयिल’, मराठी ‘महात्मा फुले’ आणि हिंदी ‘मिर्झा गालिब’ एकाच व्यासपीठावर आले. प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात या तिघांची बरोबरी कधीच झाली नसती. बाजारात ज्या भाषेचा प्रेक्षक मोठा तिचा सिनेमा मोठा. इथे मात्र सगळे एकाच पंगतीत बसले. राष्ट्रीय पुरस्कारांचं पुढचं सत्तर वर्षांचं महत्त्व या एका निर्णयातून उगवलं आहे.

१९५५च्या चित्रपटांसाठीचं सुवर्णपदक सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ला मिळालं आणि मग बंगालचा काळ सुरू झाला. ‘काबुलीवाला’, ‘सागर संगमे’, ‘अपूर संसार’, ‘भगिनी निवेदिता’, ‘दादा ठाकूर’, ‘चारुलता’ यांच्यामुळे दहा वर्षं सुवर्णपदकाची वाट वारंवार कलकत्त्याकडेच गेली. मधेच १९५७साठी व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ने ते मुंबईत आणलं. औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेला हा चित्रपट मराठी मातीतला, पण भाषा हिंदी. दक्षिणेकडे सुवर्णपदक पहिल्यांदा गेलं ते १९६५च्या मल्याळम ‘चेम्मीन’मुळे.

मराठी चित्रपट या काळात रौप्यपदकं आणि प्रमाणपत्रं घेत राहिला. राजा परांजप्यांचे ‘हा माझा मार्ग एकला’ आणि ‘पाठलाग’, अनंत मान्यांचा ‘मानिनी’, भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ ही त्यातली ठळक नावं. पण देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून मराठीचं नाव पुन्हा पुकारलं जायला पन्नास वर्षं जावी लागली.

सुरुवातीच्या चौदा वर्षांत पदकं चित्रपटाला मिळत, नटनट्यांना नाहीत. नर्गिसचा ‘मदर इंडिया’ १९५७चा. त्या चित्रपटाला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं, पण तिच्या अभिनयासाठी दिल्लीकडे काहीच नव्हतं. १९६७च्या चित्रपटांपासून हे बदललं. सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि अभिनेत्री यांच्यासाठी ‘भरत’ आणि ‘उर्वशी’ या नावांचे पुरस्कार सुरू झाले. पहिले मानकरी ठरले बंगालीतले उत्तमकुमार आणि ‘रात और दिन’साठी नर्गिस. दिग्दर्शन, संगीत, पार्श्वगायन यांचाही स्वतंत्र सन्मान होऊ लागला. सोहळ्यात तारे आले, छायाचित्रकारांची गर्दी आली, आणि ज्या समारंभाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत यायची तो पहिल्या पानावर आला.

दोनच वर्षांनी सरकारने आणखी एक पाऊल टाकलं. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांची जन्मशताब्दी जवळ आली होती. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर ठेवला, आणि १९४४मध्ये नाशिकला ते जवळजवळ विस्मृतीत गेले. त्यांच्या नावाने जीवनगौरव सुरू झाला, १९६९चा पहिला फाळके पुरस्कार देविकाराणींना मिळाला. पुढे दुर्गा खोटे, व्ही. शांताराम, लता मंगेशकर, भालजी पेंढारकर आणि आशा भोसले या मराठी कलावंतांची नावं त्या यादीत आली. यातला भालजींचा सन्मान कोल्हापूरकरांना विशेष जवळचा. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला होता, कर्ज काढून त्यांनी तो पुन्हा उभा केला आणि उरलेलं सगळं आयुष्य कोल्हापुरातच काम करत घालवलं. मुंबई-दिल्लीपासून दूर राहून चित्रपट करणाऱ्या माणसाची दखल देशाने १९९१च्या पुरस्काराने घेतली.

सत्तरच्या दशकात राष्ट्रपतींच्या पदकांची नावं बदलून सुवर्णकमळ आणि रजतकमळ अशी झाली. १९७३मध्ये चित्रपट महोत्सव संचालनालय स्थापन झालं आणि पुरस्कारांचं काम त्याच्याकडे आलं. निवडीची पद्धत थोडक्यात अशी: एका वर्षाच्या १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट प्रवेशिका पाठवतात, परीक्षक मंडळ ते पाहतं आणि निकाल मंत्र्यांकडे सोपवतं. पुढे प्रादेशिक मंडळांनी आधी चाळणी लावायची आणि केंद्रीय मंडळाने अंतिम निवड करायची, अशी दोन टप्प्यांची रीत आली. चित्रपट थिएटरात किती आठवडे चालला, त्याने किती गल्ला जमवला, याला या पद्धतीत जागा नाही. चार आठवडेही थिएटर न मिळालेला चित्रपट इथे बरोबरीने उभा राहतो.

हे किती मोलाचं होतं, ते ऐंशीच्या दशकातल्या दूरदर्शनने दाखवून दिलं. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर राष्ट्रीय वाहिनीवर प्रादेशिक भाषांतले चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह लागत. त्यात पुरस्कारविजेत्यांचा भरणा असे. सांगलीत किंवा परभणीत बसलेल्या माणसाला मल्याळम, असमिया, मणिपुरी सिनेमा पाहायला मिळण्याची दुसरी सोयच नव्हती. अनेक घरांत तेवढ्या वेळात वामकुक्षी होई हे खरं. पण अडूर गोपालकृष्णन, गिरीश कासारवल्ली, जाह्नू बरुआ ही नावं महाराष्ट्रातल्या एका पिढीला कळली ती फिल्म सोसायट्यांइतकीच या रविवारच्या दुपारींमुळे. पुण्या-मुंबईबाहेर तर फिल्म सोसायट्या मोजक्याच होत्या.

मग त्या काळात मराठी कुठे होती? भाषेच्या यादीत ती ठळक होती. जब्बार पटेलांचे ‘सामना’, ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ हे तिन्ही मराठीतले सर्वोत्कृष्ट ठरले, अमोल पालेकरांच्या ‘बनगरवाडी’ने नव्वदीत तो मान मिळवला. पण मराठी गुणवत्तेचा मोठा भाग हिंदीतून दिल्लीला पोचत होता. विजय तेंडुलकरांना पटकथेचा पुरस्कार मिळाला ‘मंथन’साठी. स्मिता पाटील अभिनेत्री म्हणून दोनदा जिंकली: हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेल्या ‘भूमिका’साठी आणि जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या ‘चक्र’साठी. सई परांजप्यांच्या ‘स्पर्श’ने त्यांना पटकथेचा मान दिला. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावरून पालेकरांनी ‘अनकही’ केला आणि त्यातल्या गायनासाठी पं. भीमसेन जोशींना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचं रजतकमळ मिळालं. लेखक मराठी, नटी मराठी, गायक मराठी आणि चित्रपट हिंदी. पैसा, वितरण आणि थिएटर यांचं गणित मुंबईत हिंदीच्या बाजूने होतं. मराठी निर्माता एकीकडे तमाशापटांच्या आणि नंतर विनोदी चित्रपटांच्या हमखास यशाला चिकटून होता, दुसरीकडे गंभीर चित्रपट करू पाहणाऱ्याला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होता. कर्नाटक आणि केरळमध्ये साहित्यिक, फिल्म सोसायट्या आणि राज्य सरकारं यांनी मिळून समांतर चित्रपटाला जो आधार दिला, तसा महाराष्ट्रात उभा राहिला नाही. ‘संस्कार’, ‘स्वयंवरम’, ‘चोमन दुडी’, ‘घटश्राद्ध’ यांनी त्या दोन भाषांकडे सुवर्णकमळं नेली, मराठी मागे राहिली.

समारंभाच्या इतिहासात काही क्षण पुरस्काराहून मोठे आहेत. मे १९८८मध्ये दिल्लीच्या सिरी फोर्ट सभागृहात राज कपूर फाळके पुरस्कार घ्यायला आले होते. दम्याने ते आधीच त्रस्त होते. नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांना मंचापर्यंत जाण्याचं त्राण उरलं नव्हतं. राष्ट्रपती आर. वेंकटरामन शिष्टाचार बाजूला ठेवून मंचावरून खाली उतरले आणि त्यांच्या जागी जाऊन त्यांनी पुरस्कार दिला. राज कपूरना तिथूनच रुग्णालयात न्यावं लागलं. महिन्याभराने, २ जून रोजी ते गेले.

पुरस्काराला कायद्याच्या लढाईतही वजन आलं. अनुबोधपट करणारे आनंद पटवर्धन यांच्या पटांना सरकारी परीक्षक मंडळं पुरस्कार देत होती आणि सरकारी दूरदर्शन तेच पट दाखवायला नकार देत होतं. मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांवरचा ‘बॉम्बे, हमारा शहर’ त्यातलाच. पटवर्धन वेळोवेळी न्यायालयात गेले. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ प्रकरणी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देताना या पटाला मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांचाही विचार केला. सरकारनेच नेमलेल्या जाणकारांनी गौरवलेलं काम सरकारचीच वाहिनी नाकारू शकत नाही, हे त्यातून ठसलं. २०१५मध्ये पुण्याच्या चित्रपट संस्थेतल्या विद्यार्थ्यांचा संप लांबला आणि देशातल्या असहिष्णुतेचा वाद पेटला, तेव्हा पटवर्धन आणि दिबाकर बॅनर्जी यांच्यासह अनेक चित्रकर्मींनी आपले राष्ट्रीय पुरस्कार परत केले. परत करून निषेध व्हावा, इतकी किंमत त्या पदकाला होती.

मराठीची पन्नास वर्षांची प्रतीक्षा संपवली ‘श्वास’ने. संदीप सावंत यांचा हा पहिला चित्रपट. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेला कोकणातला मुलगा आणि त्याला शहरात घेऊन आलेले आजोबा यांची ही गोष्ट. आजोबा झाले अरुण नलावडे, नातू अश्विन चितळे. २००३साठीचं सुवर्णकमळ या चित्रपटाला मिळालं, अश्विनला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही हाच चित्रपट गेला. अमेरिकेतल्या प्रचाराचा खर्च पेलणारा नव्हता, तेव्हा महाराष्ट्रातून वर्गणी जमली. पण ‘श्वास’चा खरा परिणाम निर्मात्यांच्या मनावर झाला. मराठीत साधी, गंभीर गोष्ट सांगितली तर दिल्लीत मान मिळतो आणि गावात प्रेक्षकही येतो, हे पहिल्यांदा एकाच चित्रपटाने सिद्ध केलं.

नंतरची दहा-बारा वर्षं पाहिली तर मराठीचा आलेख थक्क करणारा आहे. ‘डोंबिवली फास्ट’, फाळक्यांच्या धडपडीवरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘नटरंग’, ‘शाळा’ हे एकामागून एक मराठीतले सर्वोत्कृष्ट ठरले. ‘जोगवा’साठी उपेंद्र लिमये सर्वोत्कृष्ट अभिनेता झाले आणि अजय-अतुल यांना संगीताचा पुरस्कार मिळाला. गोव्यातल्या ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटाने अशोक पत्की यांना संगीतासाठी आणि आरती अंकलीकर-टिकेकर यांना गायनासाठी रजतकमळ मिळवून दिलं. उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’ने २०११चं सुवर्णकमळ ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर वाटून घेतलं, गिरीश कुलकर्णी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. ‘ब्यारी’ कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या मुस्लिम समाजाच्या बोलीतला. एकाच वर्षी खेड्यातल्या देवस्थानाच्या बाजारीकरणावरचा मराठी चित्रपट आणि ज्या बोलीत चित्रपट निघतो हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं अशा बोलीतला चित्रपट, दोघांनी मिळून हिंदीच्या पुढे मजल मारली.

३ मे २०१३चा समारंभ तर ठरवून लिहावा तसा घडला. ‘राजा हरिश्चंद्र’ला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षं पूर्ण झाली. विज्ञान भवनात राष्ट्रपती प्रणव मुखर्जी पुरस्कार देत होते. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक शिवाजी लोटन पाटील, स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबावरच्या ‘धग’साठी. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री त्याच चित्रपटातल्या उषा जाधव. सर्वोत्कृष्ट अभिनेता ‘अनुमती’साठी विक्रम गोखले, इरफान खान यांच्या जोडीने. सर्वोत्कृष्ट गायिका ‘संहिता’साठी आरती अंकलीकर-टिकेकर, त्याच चित्रपटाच्या संगीतासाठी शैलेंद्र बर्वे. पणजोबांच्या काळात फाळक्यांचे पुराणपट पाहणाऱ्या प्रेक्षकांनी ‘धग’ची कल्पनाही केली नसती, पण फाळक्यांच्या भाषेत बोलणारी माणसं त्यांच्या शताब्दीदिनी व्यासपीठावर दाटीने उभी होती.

पाठोपाठ नागराज मंजुळे यांना ‘फँड्री’साठी पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार आला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४चं आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ने २०१६चं सुवर्णकमळ मिळवलं. ‘कोर्ट’ आधी व्हेनिसला गौरवला गेला होता. ‘कासव’ची गोष्ट मात्र डोळे उघडणारी. नैराश्यात बुडालेला तरुण आणि कोकणच्या किनाऱ्यावरच्या कासवांचं संवर्धन यांना जोडणारा हा चित्रपट देशात पहिला आला, तरी त्याला वितरक सहज मिळाला नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये तो मोजक्या पडद्यांवर लागला आणि लवकरच उतरला.

पुढच्याच वर्षी, ३ मे २०१८च्या समारंभात एक वेगळाच पेच उभा राहिला. राष्ट्रपती रामनाथ कोविंद फक्त अकरा पुरस्कार देतील, उरलेले मंत्र्यांच्या हस्ते दिले जातील, असं विजेत्यांना आदल्या दिवशी कळलं. पन्नासहून अधिक विजेते समारंभाला गेले नाहीत. बाहेरच्या लोकांना हा रुसवा वाटला असेल. पण १९५४पासून या पुरस्काराची ओळखच ‘राष्ट्रपतींच्या हस्ते’ या दोन शब्दांत होती. ध्वनिमुद्रक, संकलक, अनुबोधपट करणारे यांना आयुष्यात एकदाच तो दिवस येतो. गावातल्या घरात लावायच्या छायाचित्रात शेजारी देशाचे प्रथम नागरिक असणं, हा त्यांच्यासाठी पुरस्काराचाच भाग होता.

अलीकडे बरंच बदललं. २०२२मध्ये चित्रपट महोत्सव संचालनालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. सत्तराव्या पुरस्कारांपासून नियमावली सुधारली गेली, इंदिरा गांधी आणि नर्गिस दत्त यांची नावं दोन पुरस्कारांवरून निघाली, सुवर्णकमळाची रक्कम तीन लाख आणि रजतकमळाची दोन लाख झाली. करोनाकाळात समारंभ रखडले, एका वर्षाच्या चित्रपटाला दोन-दोन वर्षांनी पदक मिळू लागलं. २३ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २०२३च्या चित्रपटांचे पुरस्कार दिले. त्यात मराठीतला सर्वोत्कृष्ट ठरला सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’, बालचित्रपट ‘नाळ २’ आणि पदार्पणासाठी ‘आत्मपॅम्फ्लेट’चे आशिष बेंडे.

यात एक गोष्ट मराठी प्रेक्षकाने मनावर घ्यायला हवी. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही २०२२मध्ये त्याच महामंडळात सामील झालं आहे. म्हणजे पुरस्कार देणारी संस्था आणि जुन्या रिळा जपणारी संस्था आता एकाच छपराखाली आहेत. ‘महात्मा फुले’, ‘साधी माणसं’, ‘सामना’ यांच्यापासून ‘कासव’पर्यंत सगळे पदकविजेते चित्रपट नीट दुरुस्त करून, उपशीर्षकांसह, लोकांना सहज पाहता येतील असे उपलब्ध करणं तिला शक्य आहे. दूरदर्शनने रविवारच्या दुपारी जे काम केलं ते आज कोणीच करत नाही, आणि त्या कामाची गरज मात्र कमी झालेली नाही. तमिळ माणसाला ‘धग’ आणि मराठी माणसाला ‘ब्यारी’ पाहायला मिळेपर्यंत दिल्लीचं पदक जिंकणाऱ्याच्या घरातच राहणार. परीक्षकांनी निवडलेले चित्रपट प्रेक्षकांपर्यंत नेण्याची जबाबदारी समारंभाच्या खर्चाच्या शेजारी एका ओळीत लिहिली गेली, तर हा सत्तर वर्षांचा उद्योग पुरा होईल.